शब्दच्छल: कळलेलं असूनही भलताच अर्थ धरणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

"तुम्ही सांगितलंत तेच तर मी केलं." हे वाक्य ऐकून कधी ना कधी ज्यांचा जीव चडफडला असेल आणि ज्यांनी ते स्वतः कुणाला ऐकवलं असेल, त्या दोघांसाठी ही प्रश्नोत्तरं लिहिली आहेत. बहुतेक माणसं आयुष्यात दोन्ही बाजूंना उभी राहिलेली असतात. मीही राहिले आहे.

शब्दच्छल आणि गैरसमज यांत फरक काय?

शब्दच्छल घडायला तीन गोष्टी लागतात. बोलणाऱ्याच्या शब्दांतून खरोखरच एकाहून जास्त अर्थ निघत असले पाहिजेत. त्यांतला कोणता त्याच्या मनात आहे, हे ऐकणाऱ्याला उमगलेलं असलं पाहिजे. आणि तरीही त्याने दुसराच अर्थ धरून वागलं पाहिजे. पहिली गोष्ट नसेल तर ती उघड अवज्ञा. दुसरी नसेल तर तो साधा गैरसमज.

या तिघांतली दुसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. चुकीचा अर्थ मुद्दाम निवडायचा तर बरोबर अर्थ आधी कळावाच लागतो, नाहीतर नेमकं काय टाळायचं हे ठरणार कसं? म्हणून "मला समजलंच नाही" ही सबब इथे मुळातच खोटी असते. निरोप पोचलेला असतो, अगदी नीट पोचलेला असतो. तुटतं ते दुसरंच काहीतरी. आपण बोलतो तेव्हा समोरचा आपले शब्द सरळ मनाने घेईल असं न बोलता गृहीत धरलेलं असतं, तो भरवसा तुटतो. "बोलण्यात सुधारणा करा, नेमकं लिहा, सगळं ठीक होईल" असा सल्ला अनेक जण देतात. तो गैरसमजावर लागू पडतो. शब्दच्छलावर तो अपुरा आहे, कारण तिथे दुखणं भाषेचं नसतंच.

हा प्रकार आजकालच वाढला आहे का?

नाही. तो इतका जुना आहे की गौतमाच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्क आणि वादाच्या प्राचीन ग्रंथात, सोळा पदार्थांच्या (विचाराच्या विषयांच्या) यादीत 'छल' हा स्वतंत्र पदार्थ म्हणून येतो. व्याख्याही नेमकी आहे: 'वचनविघातोऽर्थविकल्पोपपत्त्या छलम्'. दुसरा अर्थ लावून समोरच्याचं म्हणणं मोडून काढणं म्हणजे छल.

सूत्रकारांनी त्याचे तीन प्रकार केले. वाक्छलाचं ठरलेलं उदाहरण म्हणजे 'नवकंबल'. एक जण म्हणतो, हा मुलगा नवकंबल आहे, म्हणजे त्याची घोंगडी नवी आहे. दुसरा लगेच म्हणतो, कुठे आहेत नऊ घोंगड्या, एकच तर दिसते! 'नव' म्हणजे नवीन आणि 'नव' म्हणजे नऊसुद्धा. सामान्यछलात एखाद्याविषयी सहज केलेलं विधान ताणून सरसकट नियम केला जातो आणि मग तो नियम खोटा पाडला जातो. उपचारछलात लाक्षणिक बोलणं अक्षरशः घेतलं जातं. 'मचाणं ओरडताहेत' असं म्हटलं की त्यावर बसलेली माणसं ओरडताहेत हे कुणालाही कळतं, पण छल करणारा म्हणतो, लाकूड कसं ओरडेल?

या यादीत छलाच्या जवळपासच जल्प (नुसतं जिंकण्यासाठी घातलेला वाद) आणि वितंडा (स्वतःचं काही न मांडता दुसऱ्याचं खोडत राहणं) आहेत, हे मला फार बोलकं वाटतं. त्या लोकांनी छलाला अज्ञान मानलं नाही. वादातल्या खोडींबरोबर बसवलं.

समोरच्याने मुद्दाम केलं की त्याला खरंच कळलं नाही, हे ओळखायचं कसं?

मनात डोकावता येत नाही, त्यामुळे खात्री कधीच शंभर टक्के नसते. पण काही खुणा असतात.

पहिली खूण म्हणजे चुकांचा कल. खरा गैरसमज कुठल्याही बाजूला होतो. कधी माणूस गरजेपेक्षा कमी करून बसतो, तर कधी दुप्पट राबून मोकळा होतो. शब्दच्छल मात्र दर वेळी एकाच दिशेला झुकतो: कमी कष्टाकडे, किंवा समोरच्याला जास्तीत जास्त त्रास होईल त्याकडे. 'सोमवारपर्यंत' या शब्दात सोमवार धरायचा की नाही, यावर एखाद्याचा दर वेळी गोंधळ होतो, आणि काम करून द्यायचं असेल तेव्हा सोमवार धरला जातो नि करून घ्यायचं असेल तेव्हा वगळला जातो. असं चारदा झालं की भाषेवर खापर फोडणं थांबवावं.

दुसरी खूण म्हणजे न विचारलेला प्रश्न. विचारायला माणूस समोर होता, वेळ होता, प्रश्न अर्ध्या वाक्याचा होता. तरी विचारला नाही. ज्याला खरंच दोन अर्थ दिसतात आणि कोणता ते कळत नाही, त्याची स्वाभाविक हालचाल विचारण्याची असते.

तिसरी आणि मला सगळ्यांत खात्रीची वाटणारी खूण म्हणजे चूक उघड झाल्यानंतरचे पहिले दोन क्षण. ज्याला खरंच कळलं नव्हतं तो म्हणतो, "अरे! असं होय? थांबा, आत्ता बदलतो." त्याचं लक्ष कामाकडे जातं. ज्याने मुद्दाम केलं त्याच्याकडे उत्तर तयार असतं आणि ते शब्दांविषयी असतं: "पण तुम्ही असंच म्हणाला होतात." त्याचं लक्ष आपला बचाव किती पक्का आहे याकडे असतं.

तरीही एका प्रसंगावरून कुणावर आरोप करू नये. एकदा घडलं तर गैरसमज समजून पुढे जावं. यात आपण कधीतरी फसू, पण निर्दोष माणसाला लबाड ठरवण्यापेक्षा ते परवडतं.

काही माणसं सगळंच शब्दशः घेतात. त्यांचं काय?

हा प्रश्न वेगळा काढून सांगायलाच हवा. अनेक स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) व्यक्तींना आडवळणाने केलेली विनंती किंवा लाक्षणिक बोलणं पटकन उलगडत नाही. नव्याने भाषा शिकणाऱ्यांचंही तेच होतं, आणि लहान मुलांचंही. ही माणसं शब्दच्छल करत नाहीत. त्यांना दुसरा अर्थ दिसलेलाच नसतो. किंबहुना ती फार प्रामाणिकपणे तुमच्या शब्दांवर विश्वास ठेवतात. "तुला दिसत नाही का मी कामात आहे?" असं विचारल्यावर एखादा गंभीरपणे "दिसतंय" म्हणाला आणि तिथेच थांबला, तर तो उद्धट असेलच असं नाही. "मी कामात आहे, अर्ध्या तासाने ये" इतकं सांगितलं की पुरतं. अशा माणसाला 'वेड पांघरून पेडगावला जातोय' म्हणणं क्रूर आहे, आणि हे मी अनेकदा होताना पाहिलं आहे.

मराठीत कोणत्या शब्दांवर हा खेळ जास्त चालतो?

हे माझ्या आवडीचं उत्तर आहे, म्हणून थोडं लांबेल.

सुरुवात 'काढणे'पासून. 'भिंतीवरचा फोटो काढ' म्हणजे तो उतरव, की मोबाइलने त्याचा फोटो घे? 'यादीतली जुनी नावं काढ' म्हणजे वेगळी करून दे, की पुसून टाक? हे अर्थ नुसते वेगळे नाहीत, एकमेकांच्या विरुद्ध आहेत. चित्र 'काढलं' की भिंतीवर येतं आणि चित्र 'काढलं' की भिंतीवरून जातं.

'लावणे' तसंच. दार लावलं की बंद होतं, दिवा लावला की सुरू होतो. 'घड्याळ लाव' म्हणजे भिंतीवर टांग, की वेळ जुळव, की गजर लाव, हे प्रसंगच ठरवतो.

'परवा'ला मागचा-पुढचा दिवस चालतो. वाक्यात क्रियापद असलं की काळ कळतो, पण 'परवाची कागदपत्रं तयार ठेवा' या वाक्यात तोही आधार नाही. झालेल्या बैठकीची की होणाऱ्या?

'आपण' हा शब्द तर कामाच्या ठिकाणी सगळ्यांत धोक्याचा. 'हा अहवाल आपण पूर्ण करावा' यातला 'आपण' म्हणजे आदराने म्हटलेले तुम्ही, की तुम्ही-आम्ही मिळून? शब्दच्छल करायचा तर दोन्ही पक्षांना सोय आहे. एक म्हणेल, मी तुम्हाला सांगितलं होतं. दुसरा म्हणेल, मला वाटलं सगळे मिळून करणार आहोत.

नकाराची व्याप्ती हे आणखी एक ठिकाण. 'सगळे दिवे लावू नका' याचा अर्थ एकही लावू नका, की थोडेच लावा? बोलताना 'सगळे'वर जोर पडला की कळतं. लेखी निरोपात तो जोर दिसत नाही. आणि नकारार्थी प्रश्नाला दिलेलं नुसतं 'हो': "पत्र पाठवलं नाही ना?" "हो." पाठवलं की नाही पाठवलं? यावर नंतर दोन्ही बाजूंनी शपथा घेता येतात.

उपायही मराठीतच आहे, आणि तो फार सुंदर आहे. आपली सहायक क्रियापदं. 'काढून टाक', 'काढून ठेव', 'काढून दे', 'काढून घे'. एका छोट्या शब्दाने अर्थ खिळ्यासारखा बसतो. सूचना देताना ही जोड विसरू नये. दिवसाबाबत 'परवा' म्हणण्याऐवजी वार आणि तारीख, 'आपण'ऐवजी नाव.

'ध'चा 'मा' करणं म्हणजे हेच का?

जवळचं आहे, पण तेच नाही. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्याविषयीची आख्यायिका सांगते की लेखी हुकमातला 'धरावे' हा शब्द बदलून 'मारावे' केला गेला. म्हणजे तिथे मजकूरच फिरवला, असं ती कथा म्हणते. शब्दच्छलात मजकुराला हात लागत नाही, आणि म्हणूनच तो पकडणं कठीण. कागद दाखवला तरी काही सिद्ध होत नाही, कारण कागदावर तेच शब्द आहेत.

आणि 'नरो वा कुंजरो वा'?

ती आरशातली बाजू. तिथे बोलणारा असे शब्द निवडतो की ऐकणारा चुकीच्या अर्थाकडे जावा. अश्वत्थामा मारला गेला, माणूस की हत्ती कोण जाणे! द्रोणांचा गैरसमज हा अपघात नव्हता, तोच त्या वाक्याचा उद्देश होता. इथेही शब्द खरे, हेतू खोटा.

शब्दशः सांगितलं तेच केलं, तर चूक कशी काय?

संस्कृत शास्त्रग्रंथांत एक वाक्य पुन्हा पुन्हा येतं: 'काकेभ्यो दधि रक्ष्यताम्'. कावळ्यांपासून दही राख. आता कल्पना करा, राखणीला बसवलेल्याच्या समोर कुत्रं आलं, त्याने दही फस्त केलं, आणि राखणदार शांतपणे म्हणाला, मला कावळ्यांचं सांगितलं होतं. त्याने शब्द मोडला का? नाही. त्याने काम केलं का? तेही नाही. 'कावळा' हा शब्द तिथे दह्यावर टपलेल्या सगळ्यांसाठी आहे, हे कळायला शास्त्र शिकावं लागत नाही. सूचना म्हणजे फक्त शब्द नव्हेत, दही वाचवण्याचा हेतू तिच्यात आत असतो. मला या विषयावर एकच उदाहरण द्यायचं असतं तर मी हेच दिलं असतं.

दुसरं जुनं उदाहरण 'सैंधवम् आनय'. सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे सिंधू देशचा घोडा. जेवायला बसलेला माणूस सैंधव मागतो तेव्हा मीठ आणायचं, प्रवासाला निघालेला मागतो तेव्हा घोडा. प्रसंगाकडे डोळेझाक करून जेवणाच्या ताटापाशी घोडा आणून उभा करणाऱ्याला कुणी आज्ञाधारक म्हणणार नाही.

गंमत अशी की विसाव्या शतकातल्या भाषातत्त्वज्ञांनीही मिठापासूनच सुरुवात केली. १९७५ साली एकाच ग्रंथात दोन निबंध आले. पॉल ग्राइस यांनी मांडलं की संभाषण चालतं ते दोन्ही बाजूंच्या सहकार्यावर: पुरेसं, खरं, प्रसंगाला धरून आणि स्पष्ट बोलायचं ही अपेक्षा दोघांनी धरलेली असते, आणि तिच्याच आधाराने ऐकणारा न बोललेलं ओळखतो. जॉन सर्ल यांनी विचारलं की "मीठ देऊ शकाल का?" हा क्षमतेविषयीचा प्रश्न असूनही आपण तो विनंती म्हणूनच का ऐकतो? "हो, देऊ शकतो" म्हणून हात न हलवणारा माणूस व्याकरणात कुठेच चुकत नाही. तो सहकार्य मागे घेतो, आणि घेतलेलं नाही असं भासवतो. ही दुसरी गोष्ट जास्त लागते.

माझे वरिष्ठ मुद्दाम मोघम बोलतात आणि मग काहीही केलं तरी चूक माझीच ठरते. त्यांना शब्दात पकडलं तर काय बिघडलं?

आधी तुमच्या पहिल्या वाक्याबद्दल. ते खरं आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. मोघम हुकूम ही सत्तेची सोय असते. 'योग्य ते करा', 'तुम्हाला कळलंच असेल', 'बघा जरा त्याचं काय ते'. काम नीट झालं तर सांगणाऱ्याचं, बिघडलं तर करणाऱ्याचं. अशा जागी ऐकणाऱ्याने शब्दाला धरून बसणं हा बहुतेक वेळा स्वसंरक्षणाचा पहिला हुंकार असतो. शब्दच्छल करणाऱ्या प्रत्येकाला लबाड म्हणायला मी तयार नाही, ते यामुळेच.

पण पुढचं माझ्या अनुभवातून सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मला अशाच एका वरिष्ठांनी सगळ्यांसमोर टाकून बोलून वर हुकूम दिला, "त्या जुन्या नोंदी काढा आणि मला मोकळं करा." त्यांना त्या तपासणीसाठी वेगळ्या करून हव्या होत्या. मला हे स्वच्छ कळलं होतं. मी त्या पुसून टाकल्या. दुपारी ते भडकले तेव्हा मी त्यांचेच शब्द त्यांना ऐकवले, आणि त्यांना उत्तर सुचलं नाही. तो क्षण गोड होता, हे नाकारणार नाही. नंतर मूळ कागदांवरून त्या नोंदी पुन्हा भरायचं काम माझ्या शेजारी बसणाऱ्या एका सहकारी बाईंना दिलं गेलं. त्या दोन दिवस उशिरापर्यंत थांबल्या. वरिष्ठांच्या अंगाला काहीच लागलं नाही. त्या बाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, आणि त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलू लागल्या.

शब्दच्छलाचा घाव क्वचितच नेम धरलेल्या माणसाला लागतो. मोघम बोलणाऱ्याला रोखायचं तर वेगळा मार्ग आहे: तुम्हाला कळलेला अर्थ तुम्ही लिहून पाठवा. "आपल्या बोलण्यावरून मी असं समजते की या नोंदी वेगळ्या करून संध्याकाळपर्यंत द्यायच्या आहेत. तसं नसेल तर कळवावं, नाहीतर मी हे सुरू करते." याने मोघमपणाची सोय संपते आणि तुमचे हात स्वच्छ राहतात. हे सोपं नाही. काही वरिष्ठांना असा निरोपही उद्धटपणा वाटतो. पण त्यांचा राग तुमच्या नेमकेपणावर असतो, आणि तो राग पेलता येतो.

संघटित कामगार 'नियमानुसार काम' करतात, तेही शब्दच्छलच ना?

रचना तीच, नैतिक वजन वेगळं. नियमानुसार काम आंदोलनात प्रत्येक नियम अक्षरशः पाळला जातो आणि काम मंदावतं, कारण कुठलीही व्यवस्था नुसत्या नियमांवर चालत नाही. कामगारांच्या समजूतदारपणावर ती चालत असते, ज्याचा पगारपत्रकात उल्लेख नसतो. आंदोलन नेमकं तेच दाखवून देतं. मुख्य फरक असा की ते जाहीर करून होतं. समोरच्याला कळतं की सहकार्य काढून घेतलं आहे, का घेतलं आहे आणि ते परत कसं मिळेल. शब्दच्छलात यातलं काहीच सांगितलं जात नाही.

लपून केलेल्या प्रकाराचं टोकाचं उदाहरणही नोंदलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, अमेरिकेच्या तेव्हाच्या गुप्तहेर संघटनेने शत्रूच्या ताब्यातल्या देशांतल्या सामान्य नागरिकांकडून घातपात कसा करवून घ्यावा याची पुस्तिका काढली. तिच्यात भर अगदी साध्या गोष्टींवर आहे: हुकूम 'चुकीचे समजा', त्यांवर न संपणाऱ्या शंका काढा, सूचना कळत नाहीत असं भासवून पुन्हा पुन्हा सांगायला लावा. परक्या सत्तेखाली चिरडलेल्यांसाठी ते हत्यार रास्त होतं असं मला वाटतं. पण जे शत्रूचा कारखाना बंद पाडण्यासाठी सुचवलं गेलं, तेच आपण घरात किंवा मित्रांत वापरतो तेव्हा आपण समोरच्याला काय मानतो आहोत, हे स्वतःला विचारावं.

अन्यायी हुकमाचा मुद्दाम वेगळा अर्थ लावणं चूक आहे का?

उघड नकार देण्याची ताकद असेल तर उघड नकार द्यावा, तो स्वच्छ असतो आणि इतरांनाही बळ देतो. पण ज्याचा जीव, नोकरी किंवा लेकरं त्या हुकूम देणाऱ्याच्या मुठीत आहेत, त्याने शब्दांच्या फटीतून एखाद्याला वाचवलं, तर मी त्याला दोष देणार नाही.

कायद्यात तर सगळं शब्दांवरच चालतं. मग तिथे पळवाट काढणं योग्य कसं?

कायदासुद्धा नुसत्या शब्दांवर चालत नाही. इंग्लंडमध्ये १५८४ च्या हेडनच्या खटल्यात न्यायाधीशांनी सांगितलं की कायदा वाचताना आधी विचारा: हा कायदा येण्यापूर्वी काय होतं, कुठलं दुखणं उरलं होतं, आणि त्यावर हा उपाय का केला? म्हणजे पुन्हा दही आणि कावळेच. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनीही ग्रंथाचं तात्पर्य ठरवायला खुणा सांगितल्या. सुरुवात आणि शेवट काय आहे, कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा आली आहे, नवीन काय सांगितलं आहे, फळ कोणतं, युक्तिवादाला काय बसतं. एकट्या शब्दाला कुणीच राजा केलेलं नाही.

करारांबाबत आणखी एक जुनं तत्त्व आहे आणि ते मला फार न्याय्य वाटतं. मजकूर खरोखर संदिग्ध असेल, तर तो ज्याने लिहिला त्याच्या विरुद्ध जाणारा अर्थ धरावा. मोघम लिहिण्याची किंमत लिहिणाऱ्याने मोजावी. हेच तत्त्व हुकूम देणाऱ्या प्रत्येकाला लागू झालं असतं तर किती बरं झालं असतं.

मुलं असं करतात तेव्हा काय करावं?

"खोली आवर" म्हटलं की सगळं पलंगाखाली सरकवणारं मूल भाषा तपासून पाहत असतं. शब्द किती ताणता येतो, आईबाबा कुठे थांबवतात, याचा तो शोध असतो. त्यात बुद्धी आहे, तिला लबाडी म्हणून हिणवू नये. शांतपणे विचारावं, "मला काय हवं होतं असं तुला वाटतं?" मूल बहुतेक वेळा अचूक सांगतं. सांगून झालं की वाद संपतो, कारण कळलं नव्हतं हे म्हणायला जागा उरत नाही.

किशोरवयात मात्र हेच वागणं वारंवार होऊ लागलं, तर सूचनांची संख्या मोजा. ज्याला 'नाही' म्हणायची मोकळीक नसते तो 'हो' म्हणून भलतंच करतो.

विनोदासाठी केलं तर?

श्लेष आणि वक्रोक्ती हे आपल्या भाषेचे दागिने आहेत. 'मित्राच्या उदयाने कुणाला आनंद होत नाही?' यात मित्र म्हणजे सखा आणि सूर्यही. दोघांनाही दोन्ही अर्थ दिसतात आणि दोघंही हसतात, तेव्हा कुणाचं काही जात नाही. हसून झाल्यावर मीठ पुढे केलं म्हणजे झालं.

संदिग्ध सूचनेमुळे खरोखर मोठं नुकसान झाल्याची उदाहरणं आहेत का?

आहेत, आणि त्यांतली सगळ्यांत भयंकर मुद्दाम केलेली नाहीत. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी क्रिमियातल्या बालाक्लावाच्या लढाईत ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लन यांनी उंचावरून हुकूम धाडला की घोडदळाने पुढे जाऊन शत्रूला तोफा नेऊ देऊ नयेत. कोणत्या तोफा, हे त्यांना वरून दिसत होतं. खाली दरीत असलेले घोडदळप्रमुख लॉर्ड लूकन यांना त्या तोफा दिसतच नव्हत्या. हुकूम घेऊन आलेल्या कॅप्टन नोलन यांनी विचारल्यावर हात उडवून दिशा दाखवली, आणि सुमारे ६७० स्वार दरीच्या टोकाच्या भलत्याच तोफांवर तीन बाजूंच्या माऱ्यात चालून गेले. शंभराहून अधिक मेले. नोलन सुरुवातीलाच पडले, त्यामुळे त्यांच्या मनात काय होतं हे कायमचं गेलं.

इथे मला एक गोष्ट टोचत राहते. लूकन आणि स्वारांचं नेतृत्व करणारे कार्डिगन हे मेहुणे होते आणि त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. लूकन आणि नोलन यांच्यातही कडवटपणा होता. कुणी शब्दच्छल केला नाही. पण शांतपणे "नेमक्या कोणत्या तोफा?" हे धसाला लावण्याइतकी त्यांच्यात आपुलकीही नव्हती.

दुसरं उदाहरण २७ मार्च १९७७ चं. स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर दाट धुक्यात दोन जंबो विमानं धडकली आणि ५८३ माणसं गेली. कारणं अनेक होती. त्यांतलं एक म्हणजे वैमानिकांच्या बाजूने गेलेलं 'आम्ही आता टेक-ऑफवर आहोत' अशा अर्थाचं वाक्य. नियंत्रकाने ते 'उड्डाणाच्या जागी उभे आहोत' असं घेतलं, प्रत्यक्षात विमान धावू लागलं होतं. त्यानंतर 'टेक-ऑफ' हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं, अशी शिस्त आली. महत्त्वाची सूचना मिळालेल्याने ती आपल्या तोंडून परत म्हणून दाखवायची, हेही पक्कं झालं. घरी-दारी, कामावर, कुठेही उपयोगी पडणारी सवय आहे ही. "तर मी आता काय करणार आहे ते सांगतो" असं म्हणायला दहा सेकंद लागतात.

संगणक आणि कृत्रिम बुद्धिमत्ता सूचनांचा भलताच अर्थ लावतात, तो शब्दच्छल म्हणावा का?

माझ्या मते नाही. २०१६ मध्ये ओपनएआयच्या संशोधकांनी बोटींच्या शर्यतीच्या एका खेळात गुण मिळवायला शिकवलेला प्रोग्राम शर्यत पूर्ण करायचं सोडून एका खाडीत गोल गोल फिरत राहिला, कारण तिथली लक्ष्यं पुन्हा पुन्हा उगवत होती आणि गुण वाढत होते. त्याला शर्यत जिंकायची आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं, गुण वाढवायला सांगितलं होतं. तो निव्वळ सांगकाम्या होता. बरोबर अर्थ त्याच्यापाशी नव्हताच, म्हणून तो टाळल्याचा दोषही त्याला देता येत नाही. पण सूचना देणाऱ्याला यातून शिकण्यासारखं बरंच आहे: आपण दह्याबद्दल बोलतोय की कावळ्यांबद्दल, हे आधी स्वतःशी ठरवावं.

घरातलं माणूस सतत असं करतं. वाद घालून उपयोग होत नाही. काय करू?

शब्दांवर वाद घालू नका, तिथे तुम्ही हरणारच. झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही, आणि तुम्ही काय म्हणालात याची उलटतपासणी कधी संपत नाही. शांत वेळ बघून एवढंच विचारा: "मला काय म्हणायचं होतं ते तुला कळलं होतं ना?" आणि मग थांबा. उत्तर लगेच येणार नाही. आलं आणि ते 'हो' असलं, तर पुढचा प्रश्न 'मग तसं का केलं नाहीस' असा रागाने न विचारता 'तुला ते करायचं नव्हतं का?' असा विचारा. बऱ्याचदा त्याखाली एक न दिलेला नकार असतो. कधी तो वर्षानुवर्षांचा असतो, आणि तुम्ही मागितलेल्या कामाशी त्याचा काहीच संबंध नसतो.

मीच मुद्दाम असं केलं आहे आणि आता रुखरुख लागली आहे. काय बोलू?

"तुम्हाला वाईट वाटलं असेल तर क्षमा करा" असं म्हणू नका. तेही शब्दांच्या आड लपणंच आहे. "गैरसमज झाला" असंही म्हणू नका, कारण तो झाला नव्हता. एवढंच म्हणा: "तुम्हाला काय हवं होतं ते मला कळलं होतं. मला राग आला होता, म्हणून मी वेगळा अर्थ धरला." मग ज्याला ते निस्तरावं लागलं, त्याच्याकडे जा आणि त्यालाही हेच सांगा. मी त्या सहकारी बाईंकडे गेले ती जवळपास वर्षभराने. त्या म्हणाल्या, "मला तेव्हाच कळलं होतं." आणि खुर्ची पुढे ओढून मला बसायला सांगितलं.